टोळी निघायच्या आधीचा एक थेंब

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. एक सरकारी, लसीकरणाच्या वारांचं. दुसरं मी जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यावर हाताने आखलेलं. त्यात ऊसतोडीची कोणती टोळी कोणत्या साखर कारखान्यावर जाणार आणि कधी निघणार, एवढंच लिहिलेलं असतं. बीड जिल्ह्यात नर्स म्हणून नोकरी करायची तर हे दुसरं कॅलेंडर ठेवावंच लागतं. दसरा झाला की गाव हलायला लागतं आणि दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबायचं नसतं. बाई पोटुशी असली तरी कोयता मोडत नाही. पाचव्या महिन्यातली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात जाते, ती थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत येते. तेव्हा तिच्या कडेवर बाळ असतं.

म्हणजे माझ्या हातात तिचे जे काही दिवस असतात ते टोळी निघायच्या आधीचे.

मी 2007 साली रुजू झाले तेव्हा गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी म्हणजे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र. आमच्या गावापासून 24 किलोमीटर. एक वडाप, मग एसटी. जायला-यायला दिवस मोडायचा, रोज बुडायचा. सोबत सासूला न्यायचं तर दोघींचं भाडं. आम्ही कार्डावर ‘तपासणीसाठी पाठवले’ असं लिहायचो आणि हात झटकायचो. महिन्याच्या अहवालात ‘पाठवले’चा रकाना भरलेला दिसायचा, ‘तपासले’चा अर्धा. कधी बाई एवढ्या लांब जायची आणि टेक्निशियन नेमका रजेवर. ती परत येऊन मला म्हणायची, “शिश्टर, कामून पाठवलं मला?” मला उत्तर नसायचं.

त्या काळात आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून बाधित बाईला कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिन या औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला सिरप, एवढाच उपाय आमच्यापर्यंत पोचला होता. पुढे 2014 पासून चित्र बदललं. गरोदरपणातच तीन औषधांचा पूर्ण उपचार सुरू करायचा आणि तो आयुष्यभर चालू ठेवायचा असं ठरलं. उपचार जितका लवकर सुरू होईल तितका बाळाला धोका कमी. त्यामुळे तपासणी तिसऱ्या महिन्यात झाली की आठव्या, याला एकदम किंमत आली. आणि तपासणी तर 24 किलोमीटरवर बसलेली.

बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जागेवर करायच्या तपासणीचं प्रशिक्षण मला 2016 मध्ये मिळालं. पंचायत समितीच्या सभागृहात चाळीसेक जणी, वर दोन पंखे, त्यातला एक बंद. सकाळी माहिती झाली, जेवण झालं. दुपारी प्रात्यक्षिक. प्रशिक्षक म्हणाले, जोड्या करा, एकमेकींच्या बोटाला टोचा.

कुणी बोट पुढे करेना.

रोज दहा-वीस बायकांना टोचणाऱ्या आम्ही. पण इथे पट्टीवर रेघ उमटणार आणि ती शेजारची वाचणार! एकीला एकदम फोन आला, एकीला पाणी प्यायचं होतं. मी स्वतः पर्समध्ये काहीतरी शोधत होते. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं आणि म्हणाले, “आता जे वाटलं ना, ते उपकेंद्रातल्या बाईलाही वाटतं. तिला तर कुणी विचारतही नाही.” संमती या विषयावर सकाळी तासभर स्लाइड्स पाहिल्या होत्या. त्यातलं काही आठवत नाही, हे मात्र आठवतं.

तपासणी तशी सोपी आहे. लॅन्सेट, ड्रॉपर, पट्टी, बफरची बाटली. मधल्या बोटाच्या पेराला कडेने टोचायचं, मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. स्पिरिट वाळू द्यायचं, नाहीतर थेंब पसरतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा, दुसरा घ्यायचा. बोट पिळायचं नाही. थेंब पट्टीच्या खाचेत सोडायचा, त्यावर बफर, आणि घड्याळ. ‘सी’पाशी रेघ आली नाही तर तपासणी बाद, नवी पट्टी घ्यायची. ‘सी’ची एकच रेघ आली तर नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे शंका नाही. दुसरी रेघ आली, अगदी फिकट का असेना, तर रिअॅक्टिव्ह, म्हणजे शंका आहे. पण रिअॅक्टिव्ह म्हणजे एचआयव्ही आहे असं नव्हे. हे वाक्य आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

प्रत्यक्षात अडलं ते बायकांच्या हातांपाशी. ऊस तोडणाऱ्या बाईचा उजवा तळहात कोयत्याने घट्ट झालेला असतो आणि डाव्या हाताची बोटं पाचटाने चिरलेली. लॅन्सेट दाबला की टक् आवाज होतो आणि रक्त काही येत नाही. दुसऱ्यांदा टोचायचं म्हणजे दुसरा लॅन्सेट, आणि ते आम्हाला मोजून मिळतात. मग मी युक्ती काढली. नाव-पत्ता लिहीपर्यंत बाईला हात एकमेकांवर चोळायला लावायचे, थंडी असली तर कोमट पाण्यात धुवायला सांगायचं आणि टोचताना हात खाली सोडायला लावायचा. टोचायचं करंगळीच्या शेजारच्या बोटाला. तिथे घट्टा कमी असतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, शे-दीडशे बोटं टोचल्यावर कळलं.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. आमच्या किटवर लिहिलेलं असायचं, 30 अंशांच्या वर ठेवू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा 41-42 वर जातो आणि उपकेंद्राचं छत स्लॅबचं, रात्रीसुद्धा गरम. लसींचा आयएलआर, म्हणजे खास लसींसाठीचा फ्रिज, प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, पण त्यात लसींशिवाय दुसरं काही ठेवायला बंदी, आणि ती योग्यच आहे. मी सुरुवातीला किटचा डबा माठाशेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि स्वतःवर खूश झाले. तपासणीला आलेल्या सुपरवायझर मॅडमनी गोणपाट उचलून पाहिलं आणि विचारलं, “पुड्यांना दमट हवा लागली तर?” प्रत्येक पट्टीच्या पुडीत ओल शोषणारी छोटी पिशवी असते ती उगीच नसते. मग ठरलं की बाकीचा साठा प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये राहणार, उपकेंद्रावर आठवड्यापुरत्याच किट, त्याही मी सकाळी डब्यातून नेणार आणि संध्याकाळी परत आणणार. फ्रिजमधली पुडी लगेच फोडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची.

या फ्रिजच्या गुंत्यावरून प्रशिक्षकांनी सांगितलेली गोष्ट आठवते. भारतातले पहिले रुग्ण 1986 साली चेन्नईत सापडले. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या तरुण विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, आपल्याच मराठी घरातल्या. चेन्नईत तपासणीची सोयच नव्हती. निर्मलाबाईंनी नमुने स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि मग बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरला नेले. तीस वर्षांनी तपासणी उपकेंद्राच्या टेबलावर येऊन बसली, तरी आम्ही अजून फ्रिजपाशीच अडलेले.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोठी तपासणी असते. त्या दिवशी खूप गर्दी होती. मी सहा पट्ट्या एका ओळीत मांडल्या, प्रत्येकीवर नंबर टाकला, वेळ लिहिली. तेवढ्यात एका बाईचं बीपी 160 च्या वर निघालं, तिच्यासाठी 108 ला फोन, धावपळ. परत आले तेव्हा तासाच्या वर होऊन गेला होता. चौथ्या पट्टीवर दुसरी रेघ, केसासारखी. माझ्या पोटात गोळा आला. ती बाई बाहेर बाकावर बसून लेकराला बिस्कीट चारत होती. मग भान आलं की वेळ उलटून गेलेली पट्टी वाचायचीच नसते, ती वाळताना काहीही दाखवते. सहाही पट्ट्या बाद केल्या, सहाही जणींना पुन्हा टोचलं, खोटं न बोलता सांगितलं की माझ्याकडून उशीर झाला. सगळ्या नॉन-रिअॅक्टिव्ह. सहा किट वाया गेल्या, त्याचा खुलासा लिहून द्यावा लागला. तेव्हापासून मी एका वेळी दोनच पट्ट्या लावते आणि मोबाइलवर गजर लावल्याशिवाय बफर सोडत नाही. वरून विचारतात, दिवसाला तपासण्या एवढ्या कमी का?

आयसीटीसीतल्या समुपदेशक सरांनी मला एकदा कागदावर हिशेब करून दाखवला होता. समजा किट हजारात पाचदा उगीच रेघ दाखवते. आणि समजा हजार गरोदर बायकांत खरोखर बाधित दोनच आहेत. मग रेघ सात जणींच्या पट्टीवर दिसेल, आणि त्या सातांतल्या पाच जणी ठणठणीत असतील. म्हणून तर तालुक्याला तीन वेगवेगळ्या किटवर खात्री केल्याशिवाय निदान लिहीत नाहीत. आमचं काम ज्यांना गरज नाही त्या बायकांचा प्रवास वाचवणं आणि बाकीच्यांचा प्रवास नक्की घडवणं. माझ्या भागात पहिली जी रिअॅक्टिव्ह निघाली, तिचा तालुक्याचा निकाल निगेटिव्ह आला. तिच्या त्या दोन रात्री कशा गेल्या ते तिलाच माहीत. नंतर मला ती बाजारात भेटली तर तोंड फिरवून गेली. मी तिला दोष देत नाही.

दुसरी रिअॅक्टिव्ह ऑक्टोबर 2021 मधली. तिच्याबद्दल ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, काही तपशील बदललेही आहेत. दुसरं बाळंतपण, पाचवा महिना, पहिल्यांदाच उपकेंद्रात आलेली. टोळी चार दिवसांनी निघणार. त्याआधी तीन आठवडे किटचा साठाच संपला होता, नेमका टोळ्या निघायच्या तोंडावर. मागणीपत्र दोनदा पाठवून झालं होतं. शेवटी मी शेजारच्या केंद्रातल्या मैत्रिणीकडून दहा किट उसन्या आणल्या होत्या, त्यातली ही तिसरी. मैत्रिणीने हात आखडता घेतला असता तर ही बाई तशीच गेली असती.

दुसरी रेघ फिकट नव्हती. पाच मिनिटांतच उमटली, तरी मी पंधरा मिनिटं होऊ दिली. खोलीला दार आहे, पण कडी लागत नाही. बाहेर आशाताई आणि सासू. मी आशाताईंना कार्ड शोधायला पाठवलं आणि सासूला वजनकाट्यावर उभं केलं. पुन्हा आत येऊन हळू आवाजात सांगितलं, “एका तपासणीत शंका आलीय. नक्की कळायला तालुक्याला जावं लागेल. उद्या मीच येते तुझ्यासोबत.”

ती म्हणाली, “आमाला परवाच्या परवा निघायचंय, शिश्टर. उचल घेतली हाय.”

मग एकदम, “त्योच रोग व्हय?”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसता तिचा हात धरला. सासूला सांगितलं, रक्त कमी आहे, मोठी तपासणी करावी लागेल. हे खोटं नव्हतं, तिचं हिमोग्लोबिन खरंच आठ होतं. एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्याने, काही अपवाद सोडले तर, बाईच्या संमतीशिवाय तिचा निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. आमच्या खेड्यात त्या कायद्याचा अर्थ इतकाच: कार्डावर लाल शाई नाही, कोपऱ्यात खूण नाही, आशाताईंना ‘आपलंच माणूस’ म्हणून कानात सांगणं नाही. आशाताई माझ्यावर आठवडाभर फुगून होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या एसटीने गेलो. तिन्ही तपासण्या रिअॅक्टिव्ह. समुपदेशक सरांनी तिच्याशी पाऊण तास बोलून घेतलं, मी बाहेर चहाच्या टपरीवर थांबले. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, “पोरगं चांगलं व्हईल म्हणले.” मग विचारलं, “कारखान्यावर गोळ्या मिळत्यात का?”

हाच सगळ्यात अवघड प्रश्न होता. गोळी एकच, रोज रात्री, टेनोफोव्हिर-लामिव्ह्युडिन-डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली. ती जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, सुरू होणार, आणि बाई असणार 300 किलोमीटर लांब, उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. सरांनी फोनवर फोन केले. नाव जिल्ह्यात नोंदवलं, गोळ्यांचा जास्तीचा साठा दिला, कारखान्याच्या जवळच्या केंद्रासाठी पत्र दिलं. नवऱ्याला तिने स्वतःच सांगितलं, निघायच्या आदल्या रात्री. त्याचीही तपासणी झाली. निकाल इथे लिहीत नाही, तो त्याचा आहे. टोळी ठरल्या दिवशीच निघाली, तिच्यासकट. मी मुकादमाला एक दिवस थांबायला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, मॅडम, गाडीचं भाडं तुम्ही भरता का?

टोळीतल्या बायकांना तिने गोळी रक्तवाढीची म्हणून सांगितली. डबी मात्र वेगळी दिसते, म्हणून गोळ्या जुन्या कुंकवाच्या डबीत ओतल्या. मला फोनवर कळलं तेव्हा मी ओरडले, गोळ्यांना ओल लागेल म्हणून. मग तिने मूळ डबी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. रोज रात्री भाकरीचं पीठ काढताना गोळी हाताला लागायची, त्यामुळे एकही दिवस चुकली नाही, असं ती सांगते.

बाळंतपण फेब्रुवारीत तिकडच्या सरकारी दवाखान्यात झालं. बाळाला जन्मल्यावर लगेच नेव्हिरापिनचं सिरप सुरू झालं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेऊन फिल्टर पेपरच्या कार्डावरची गोल वर्तुळं भरायची असतात, ती वेळ नेमकी परतीच्या प्रवासात आली. इकडे पोचल्यावर तालुक्याला आम्हीच केलं, दोन आठवडे उशिरा. आमची एक थेंबाची पट्टी इथे चालत नाही. पट्टी शोधते ती प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेले घटक; आईच्या रक्तातली ही प्रतिपिंडं बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे बाळ निरोगी असलं तरी पट्टीवर रेघ येते. बाळाच्या रक्तात विषाणूच शोधावा लागतो, त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. कार्ड सावलीत वाळवलं, पाकिटात घातलं, आणि मग वाट पाहणं. पाच आठवडे गेले. रोज सकाळी तिचा मिस्ड कॉल.

मलावी, मोझांबिकसारख्या देशांत बाळांच्या या तपासणीची छोटी यंत्रं आरोग्य केंद्रातच ठेवून पाहिली आहेत, तासा-दीड तासात निकाल आईच्या हातात. आमच्या तालुक्याला थुंकीतल्या क्षयरोगासाठी ट्रूनॅट मशीन आहे, गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं, टेबलावर मावणारं. कोविडमध्ये त्याच मशीनवर चिप बदलून कोविड तपासला. ते मशीन मी येता-जाता बघते आणि मनात येतं की पाच आठवडे वाट बघायला लावलेल्या आईला आपण काय सांगणार? मी तंत्रज्ञ नाही, चिपांचा हिशेब मला कळत नाही. वाट बघणाऱ्या बाईचा मिस्ड कॉल मला कळतो.

बाळाचा पहिला निकाल निगेटिव्ह आला. सहाव्या महिन्याचाही. ऑगस्ट 2023 मध्ये बाळ दीड वर्षाचं झालं तेव्हा शेवटची तपासणी झाली, तीही निगेटिव्ह. नोंद पाच ठिकाणी करायची असते: गरोदर मातांचं रजिस्टर, तपासणीचं रजिस्टर, किटचा साठा, महिन्याचा अहवाल आणि पोर्टल. पोर्टल त्या दिवशी उघडत नव्हतं. चार ठिकाणी केली.

ती अजून दरवर्षी कोयत्यावर जाते. तिच्या मोबाइलमध्ये माझा नंबर ‘रक्तवाढ शिश्टर’ या नावाने आहे, एकदा तिच्या पोरीने मोठ्याने वाचून दाखवला म्हणून कळलं. गेल्या हंगामात डिसेंबरात रात्री नऊला तिचा फोन आला. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज. शेजारच्या कोपीतली जालन्याकडची एक बाई, तिसरा महिना, कुठेच नाव घातलेलं नाही, तपासणी झालेली नाही. इथं कुठं न्यू तिला, असं विचारत होती. मी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा वार आणि वेळ शोधून सांगितली आणि म्हटलं, हात चोळून घ्यायला सांग, थंडी आहे, थेंब येत नाही.

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.